साबणाचा टवका

माणसं फ्रान्सला मनोरा बघायला जातात, चित्रं बघायला जातात, निदान पोराबाळांना भेटायला तरी जातात. मीही लेकीला भेटायला गेले हे खरं, पण माझ्या पर्समध्ये अकरा बायकांची यादी होती आणि ती सगळीच्या सगळी साबणाची होती. रंकाळ्यावर सकाळी आम्ही ज्या बायका फिरायला जातो, त्यांतल्या मंदाताईंनी मोबाईलवर पाहिलं होतं, की फ्रान्सात मार्सेय नावाचं गाव आहे, तिथे हाताने केलेला साबण मिळतो आणि तो लावणाऱ्या बायका ऐंशीव्या वर्षीही विशीतल्यासारख्या हसतात. माझी मुक्ता नेमकी त्याच गावात नोकरीला. तलावाला दोन फेऱ्या होईतोवर यादी तयार झाली.

मंदाताईंना अंघोळीच्या पाण्यात सोडायचा फसफसणारा गोळा हवा होता. त्याला टब लागतो, असं मी म्हटलं. "बादलीत सोडीन की," असं त्यांनी सांगितलं. एकीला गुलाबाचा हवा होता पण गुलाबी नको होता. एकीला नवऱ्यासाठी असा हवा होता की तो लावल्यावर तंबाखूचा वास जाईल आणि जमलं तर तंबाखूही जाईल. सगळ्यात साधी मागणी शकिलाभाभींची होती. "चरबी नसलेला बघून आणा. निव्वळ तेलाचा पायजे. खात्री नसंल तर आणूच नगासा." मला वाटलं, हे तर अगदी सोपं काम.

शकिलाभाभी म्हणजे दस्तगीरभाईंच्या पत्नी, आणि दस्तगीरभाई म्हणजे आमच्या ह्यांचे पस्तीस वर्षांचे भागीदार. दोघं मार्केट यार्डात गुळाचे अडते. शेतकऱ्याचा रवा (गुळाची मोठी ढेप) आला, की सुरीने त्याचा टवका काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि गूळ गोड आहे की खारवट, शिजला की कच्चा राहिला, ते सांगायचं. यांनी आणि दस्तगीरभाईंनी एकदम मान हलवली की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे. यार्डात यांना बापू म्हणतात. बापूंची जीभ म्हणजे तराजू, असं मी तिथल्या हमालांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

तो तराजू दोन वर्षांपूर्वी बिघडला. गावात तापाची साथ आली होती. एकाच आठवड्यात हे आणि दस्तगीरभाई आडवे झाले, आणि पंधरवड्यात उठून दोघेही यार्डात हजर झाले. त्यानंतर एका रविवारी माझ्याकडून तांबड्या रश्श्यात दोनदा मीठ पडलं. मी पहिलाच घास थुंकला. हे दुसरी वाटी मागत होते. या माणसाने पस्तीस वर्षांत मीठ कमी-जास्त झाल्याची गोष्ट एकदाही पोटात ठेवली नव्हती. जेवण झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि विचारलं.

"चव गेलीया," ते म्हणाले. "गोड न्हाय, खारट न्हाय, वाससुदिक न्हाय. तेवढा ठेचा झोंबतो. कुणाला सांगू नगं."

डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल. ती आली नाही. मग यार्डात कसं भागवता, असं मी विचारलं, तर म्हणाले, दस्तगीरचं तोंड बघतो. त्याच्या भुवया वर गेल्या की म्हणायचं बरा आहे, खाली आल्या की म्हणायचं खारवट आहे. दोन हंगाम असे काढले. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती मूठ आवळून आवळून माणसाचे हात दुखायला लागले होते. आता दिवाळीचा पाडवा महिन्यावर आला होता. पाडव्याला यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात. त्याआधी गुडघ्याचं निमित्त सांगून भागी सोडायची, असं यांनी मनाशी ठरवलं होतं. "कळलं तर लोक म्हनतील, गाढवाला गुळाची चव काय," एवढंच ते बोलले. मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. यार्डाशिवाय हा माणूस दिवसभर घरात काय करणार होता? मुक्ताने तिकिटं पाठवली तेव्हा मी लगेच होकार दिला, तो साबणासाठी नाही.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर दस्तगीरभाई पोचवायला आले होते. त्यांनी गुळाची एक भेली (छोटी ढेप) यांच्या हातात दिली आणि तिकडच्या पावण्यांना द्या म्हणाले. वर, "बघ की, कसा हाय," असंही म्हणाले. यांनी खिशातून सुरी काढून टवका घेतला, जिभेवर ठेवला आणि दस्तगीरभाईंच्या तोंडाकडे पाहिलं. दस्तगीरभाई यांच्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ गेला. शेवटी दोघेही एकदम "बरा हाय" म्हणाले. सुरी विमानात चालत नाही, याची मी आठवण केली. यांनी ती दस्तगीरभाईंना दिली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," असंही म्हणाले. दस्तगीरभाईंना वाटलं, परत येईपर्यंत. मला खरा अर्थ माहीत होता, आणि मी पर्स उघडून उगाच पासपोर्ट शोधत राहिले.

मार्सेयच्या विमानतळावर तिथल्या तपासनिसाने भेली बाहेर काढली. त्याने ती हलवून पाहिली, वाजवून पाहिली, आणि बोटाने दाखवून काहीतरी विचारलं. मी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, पण गुळाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते कोणत्याच धड्यात नव्हतं. मी साखर, ऊस, गोड असं इंग्रजीत सांगत होते, तोवर यांनी अंगठ्याने एक खडा मोडला आणि त्या गृहस्थासमोर धरला. "खा की. पावण्याला गूळ-पाणी द्यायचं अस्तंय." आता पाव्हणा कोण आणि घरचा कोण, हे विमानतळावर ठरवायला कोण बसलंय? त्या गृहस्थाने तो खडा हुंगला, तोंडात टाकला, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि आणखी एक मागितला. मग आम्हाला सोडलं.

मार्सेय हे बंदर आहे. पांढऱ्या दगडाच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात आणि मध्ये उन्हात तापलेली पिवळट घरं. आम्ही पोचलो त्या दिवशी मिस्त्राल (तिकडे उत्तरेकडून येणारा कोरडा वारा) सुटला होता. मुक्ताचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर मी बसले, तेव्हा एक म्हातारी फ्रेंच बाई दार उघडून बाहेर आली, मला पाणी दिलं, माझ्या नऊवारी पातळाचा काठ बोटांनी चाचपला आणि बराच वेळ बोलली. मी पण बोलले. तिला माझं कळलं नाही, मला तिचं कळलं नाही, पण गुडघ्यांबद्दल आमचं एकमत झालं असावं.

मुक्ताने बंदरावर माशांचं कालवण खायला नेलं. केशर घातलेलं, लालसर, आणि त्यात माशांच्या डोक्यांसकट सगळं. मी माझ्या मापाने खाल्लं. मुक्ता वडिलांना म्हणाली, "बाबा, आपल्यासारखं झणझणीत नाही ना?" हे म्हणाले, "बरं हाय." इतकंच. कोल्हापूरचा माणूस बाहेरगावी जेवतो आणि नावं ठेवत नाही, हे लेकीच्या नजरेतून सुटलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या माशाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मुक्ता कामावर गेली आणि आम्ही दोघं यादी घेऊन निघालो. पहिल्याच दुकानात साबणांना काचेची कपाटं होती, वर दिवे होते आणि खाली मखमल होती. आमच्याकडे सराफाकडे असते तशी शांतता. एक उंच, सडपातळ विक्रेती पुढे आली. तिला इंग्रजी येत होतं. तिने आधी आम्हाला दगडी डोणीपाशी नेलं आणि आमचे हात स्वतः धुतले. अंजिराच्या साबणाने धुतले, पुसले, हुंगायला लावले. मग टोमॅटोच्या पानाच्या साबणाने. मग 'वाळत घातलेली चादर' या वासाच्या साबणाने. मी तिला विनयाने सांगितलं, की माझ्या गच्चीवर रोज तीन चादरी वाळत असतात. तिने अतिशय आदराने मान हलवली आणि 'ओला दगड' या वासाच्या साबणाने पुन्हा हात धुतले. नऊ वेळा धुतल्यावर माझ्या बोटांना सुरकुत्या पडल्या, ज्या घालवायला मी इतक्या लांब आले होते.

यांनी दोन्ही हात नाकाशी धरून नऊच्या नऊ वेळा "वा" म्हटलं. यार्डात दोन वर्षं कसं निभावलं, ते मी त्या डोणीपाशी डोळ्यांनी पाहिलं. मला रडू यायच्या बेतात होतं, म्हणून मी अंघोळीच्या मिठाच्या बरण्या बघायला वळले.

मिठाच्या शेजारी एक वेगळं कपाट होतं. त्यातल्या साबणावर गाढवाचं चित्र होतं. हा सगळ्यात महाग, असं त्या बाई म्हणाल्या, कारण तो गाढविणीच्या दुधाचा आहे. त्या किमतीत आमच्याकडे अख्खी गाढवीण दारात आली असती. आमच्या गल्लीत अजून "गाढविणीचं दूऽऽध" अशी हाळी येते आणि बाया तान्ह्या पोरांना खोकल्यावर चमचाभर पाजतात. मी हे हसत हसत यांना म्हणाले. हे हसले नाहीत. त्या गाढवाकडे बघत उभे राहिले, आणि ते काय आठवत होते ते मला सांगायची गरज नव्हती.

मी घाईने यादी पुढे केली. गोळा मिळाला, गुलाबाचा पण गुलाबी नसलेला मिळाला, तंबाखूवरचा नाही मिळाला. शकिलाभाभींसाठी मी विचारलं, यात चरबी नाही ना? त्या बाईंनी खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचली, मग फोन केला, मग दुसरा फोन केला. शेवटी प्रामाणिकपणे म्हणाल्या, की काहींत नाही, काहींचं सांगता येत नाही, आणि खात्रीच हवी असेल तर गावाबाहेर एक जुना कारखाना आहे, तिथे अजून कढईत ऑलिव्हच्या तेलाचा साबण शिजवतात, तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कढई म्हटल्यावर यांनी मान वर केली. दुकानात शिरल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच कशात लक्ष घातलं होतं.

शनिवारी मुक्ताला सुट्टी होती. ती आम्हाला बसने घेऊन गेली. कारखाना म्हणजे लांबलचक कौलारू शेड, काळवंडलेली धुराडी आणि अंगणात रचलेले लाकडी साचे. पंधरा-वीस प्रवासी आधीच जमले होते, कारण शनिवारी कारखाना लोकांना दाखवतात. आत पाऊल टाकलं आणि हे जागीच थांबले. समोर एका ओळीत चार भल्यामोठ्या काहिली (गूळ शिजवायच्या मोठ्या कढया) होत्या. त्यांत हिरवट लगदा रटरटत होता, वर फेस येत होता, आणि एक माणूस लांब दांड्याच्या पळीने तो हलवत होता.

"गुऱ्हाळ हाय की हे," ते म्हणाले. त्यानंतर ते आमच्याबरोबर नव्हतेच. एका काहिलीकडून दुसरीकडे जात होते, फेस बघत होते, पळीवरून धार कशी पडते ते वाकून बघत होते. मुक्ता माहिती सांगत होती, की तेल आणि सोडा आठ-दहा दिवस शिजवतात, मिठाच्या पाण्याने धुतात, निवळू देतात. हे तिला मध्येच म्हणाले, "गुळाची मळी काढत्यात, तसंच." आमच्याकडे गूळ केव्हा उतरवायचा ते गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) ठरवतो, त्याच्यापुढे मालकाचंही चालत नाही. इथे तो मान बर्नार नावाच्या साठीच्या गृहस्थांना होता. जाडजूड, निळा अंगरखा, पांढऱ्या मिशा. ते लोकांना काहीतरी समजावून सांगत होते.

काहिलीच्या बाजूला एका फळीवर नुकतेच काढलेले ओबडधोबड गोळे थंड व्हायला ठेवले होते. पिवळट, तेलकट, कडेला जरा भुरे. मी ते पाहिले आणि यांच्याकडे वळले, कारण यांनी पण पाहिले होते. सुरी नव्हती. त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली, मधल्या गोळ्याचा टवका काढला आणि जिभेवर ठेवला.

मुक्ता ओरडली. मी धावले. एक जर्मन बाई मागे सरून साच्यावर बसली. हे मात्र यार्डात उभे राहतात तसे उभे होते, पाय फाकवून, डोळे मिटून, हात मागे. मग डोळे उघडले, बाजूच्या बादलीत थुंकले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "कच्चा हाय."

बर्नार लोकांना बाजूला सारत आमच्याकडे आले आणि मुक्ताला काहीतरी विचारलं. तिचा चेहरा लाल झाला होता. ती म्हणाली, "आई, बाबा काय म्हणाले ते विचारतायत. मी काय सांगू?" मी म्हटलं, म्हणाले ते सांग, आता लपवून काय उपयोग? तिने सांगितलं. बर्नारांनी यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खिशातून स्वतःची सुरी काढली, त्याच गोळ्याचा टवका घेतला, आणि जिभेवर ठेवून डोळे मिटले. अगदी तसेच उभे राहिले. थुंकले. आणि हसले.

मुक्ताने भाषांतर केलं, ते थांबून थांबून. तो गोळा कच्चाच होता. अजून एकदा धुवायचा राहिला होता. साबण झाला की नाही ते बघायची त्यांची रीत हीच, जिभेवर ठेवायचा. कच्चा असला तर सोडा जिभेला चावतो, झाला असला तर चावत नाही. त्यांचे वडील असंच करायचे. तीस वर्षांत बाहेरचा माणूस येऊन फळीवरचा गोळा बरोबर ओळखून गेला, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. हे गृहस्थ कुठल्या कारखान्यात असतात, असं त्यांनी विचारलं.

मग दोघांनी मिळून सगळी फळी चाखली. बर्नार टवका काढून देत, हे जिभेवर ठेवत, आणि दोघं एकदम बोटाने खूण करत, कच्चा किंवा झाला. दोघांच्या मिशांना फेस आला. प्रवाशांना वाटलं, हा पाहुण्यांसाठी ठेवलेला कार्यक्रम आहे. ती जर्मन बाई उठून रांगेत उभी राहिली. तिच्यामागे तिचा नवरा, त्याच्यामागे कॅमेरे गळ्यात घातलेली चार जपानी मंडळी. बर्नारांनी झालेल्या साबणाचे बारीक टवके त्यांच्या हातावर ठेवले. जपानी गृहस्थांनी कमरेतून वाकून तो प्रसाद घेतला आणि इतक्या गंभीरपणे चघळला, की मी तोंडात पदर कोंबला.

गडबड ओसरल्यावर मी यांना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, चव आली?"

"न्हाय," ते म्हणाले. "चव न्हाय आली. चावलं तेवढं. ठेच्यावानी." आणि मग लेकीकडे वळून, मी काही बोलायच्या आत, त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. चव गेली ते, भुवया बघतात ते, पाडव्याआधी भागी सोडणार ते. मुक्ता वडिलांचा हात धरून ऐकत राहिली. तिचे डोळे भरले. बर्नारांना वाटलं, साबण लागला. ते पाण्याचा तांब्या घेऊन आले. तेव्हा तिने त्यांनाही सांगितलं, वडिलांची परवानगी न घेता.

बर्नारांनी ऐकून घेत मिशा पुसल्या. मग त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं आणि बोलले. मुक्ताने सांगितलं ते असं, की त्यांना तरुणपणापासून वास येत नाही. सोड्याच्या वाफांनी नाक गेलं. लव्हेंडर, गुलाब, अंजीर, सगळं त्यांना सारखं. वासाचं काम दुकानातली कोलेत बघते, ती आली की ते बाजूला होतात. कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. नाक गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, कारण न सांगता तीस वर्षं साबण कसा करणार?

"तुम्ही कुणाला सांगितलंय?" त्यांनी मुक्तामार्फत विचारलं.

"बायकोला," हे म्हणाले. बर्नारांनी मान हलवली, ती फारशी पसंतीची नव्हती.

शकिलाभाभींसाठी आम्ही तिथूनच निव्वळ तेलाचे, वास नसलेले साबण घेतले. हिरवट चौकोनी ठोकळे, वाळून वरून तपकिरी झालेले. यांनी निघताना पिशवीतून आणलेला उरलेला गूळ बर्नारांना दिला. त्यांनी टवका काढला, डोळे मिटले, आणि "झाला" अशी खूण केली. वास न येणाऱ्या माणसाला गुळाची चव कितपत कळली असेल, कोण जाणे. पण ती खूण बघून आमचे हे बसमध्ये बसेपर्यंत हसत होते.

परतीच्या प्रवासात मुंबईच्या विमानतळावर आमची बॅग उघडली गेली. तपकिरी ठोकळे बघून साहेबांनी हे काय विचारलं. मी साबण म्हटलं. त्यांनी एक ठोकळा हुंगला, दुसरा हुंगला, आणि यात वास कसा नाही, असं संशयाने विचारलं. यांना म्हणायचं होतं, की खाऊन बघा. मी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. कोल्हापूरच्या विमानात बसल्यावर ते खिडकीतून बघत म्हणाले, "दस्तगीरला खरं सांगायचं. मग त्यानं ठरवावं. गुडघ्याचं न्हाय सांगायचं." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. गुडघ्यांना खरोखरच काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरभाई आणि शकिलाभाभी घरी आले. मी चहा ठेवायला आत गेले. बैठकीच्या टेबलावर ताटात साबण काढून ठेवले होते, कुणाचा कोणता ते लावायला. आतून मला ऐकू येत होतं, की हे घसा खाकरतायत, प्रवासाची विचारपूस चालली आहे, मग दस्तगीरभाई म्हणतायत, "ही घे तुझी सुरी." मी ट्रे घेऊन दारात आले. यांनी सुरी घेतलीच नव्हती, बोलायची जुळवाजुळव करत खाली मान घालून बसले होते. दस्तगीरभाईंनी तेवढ्यात सवयीने समोरच्या तपकिरी ठोकळ्याचा चांगला बोटभर टवका काढला आणि तोंडात टाकला.

ह्यांनी मान वर केली. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नुसत्या भुवया कपाळात गेल्या. दस्तगीरभाईंनी दोनदा चावलं, डोळे उघडले, नेहमीप्रमाणे यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या वर गेलेल्या भुवया त्यांना दिसल्या.

"बरा हाय की," ते म्हणाले. "फ्रान्सचा व्हय?"

यांनी भुवया खाली आणल्या, तर दस्तगीरभाईंनीही आणल्या आणि घाईने म्हणाले, "पर जरा खारवट हाय." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस आला होता.

"दस्तगीर," हे म्हणाले, "त्यो साबण हाय."

दस्तगीरभाई चावायचे थांबले. त्यांनी ओठाला बोट लावलं, फेस बघितला. मग यांनी हलकेच विचारलं, "किती दिस झालं?"

"तापापास्नं. म्या तुझं तोंड बघत हुतो."

"आणि म्या तुझं."

दस्तगीरभाईंनी टवका रुमालात काढला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "मग बापू, दोन वर्सं सौदं कुणी केलं?"

ते हसायला लागले की रडायला, ते मला नीट सांगता येणार नाही, पण दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून हलत होते आणि एकाच्या तोंडातून बुडबुडे येत होते. दोन वर्षांत त्यांच्या शब्दावर गेलेला एकही रवा परत आला नव्हता. मी नंतर याचा विचार केला. डोळे रंग बघत होते, बोटं कण चाचपत होती, मोडतानाचा आवाज कान ऐकत होते, आणि ते सगळं भुवयांत येत होतं. त्यांनी मात्र श्रेय दुसऱ्याच्या जिभेला दिलं होतं. आंधळ्याच्या गाई देव राखतो, म्हणतात. इथे तर दोन आंधळे एकमेकांच्या गाई राखत होते.

पण मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी शकिलाभाभींकडे पाहिलं. त्या दचकल्या नव्हत्या. त्यांच्या हातात साबणाचा कागद होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

"वैनी, तुमास्नी ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला?"

"बिर्याणीला नावं ठिवायची बंद झाली, तवाच कळलं," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं आम्ही दोघी रोज रंकाळ्याला फेऱ्या मारत होतो. सुनांवर बोललो, सांधेदुखीवर बोललो, फ्रान्सच्या साबणावर तर महिनाभर बोललो. ही एक गोष्ट दोघींनी पदराखाली झाकून ठेवली, नवऱ्याची अब्रू म्हणून, आणि शेजारून चालत राहिलो. एकीने जरी तोंड उघडलं असतं, तरी घरातल्या दोन माणसांची दोन वर्षांची धास्ती तलावाच्या पहिल्याच फेरीत संपली असती. त्यासाठी मार्सेयपर्यंत जायला नको होतं.

यादी पुरी झाली. मंदाताईंनी गोळा बादलीत सोडला, तो फसफसून न्हाणीघराबाहेर आला आणि त्या अजून त्याबद्दल बोलत नाहीत. टवका काढलेला साबण शकिलाभाभी स्वतः वापरतात.

पाडव्याला दोघांनी यार्डात सगळ्यांसमोर सांगितलं, की आमची जीभ गेली आहे, हात आणि डोळे आहेत, आणि जिभेसाठी यंदा घरची माणसं आणली आहेत. कुणीतरी मागून गाढवाची म्हण सुरू केली, पण ती पुरी केली नाही. पहिला रवा आला. यांनी तो उचलला, दाबून पाहिला, उन्हाला धरला. दस्तगीरभाईंनी सुरीने दोन टवके काढले, एक शकिलाभाभींना दिला, एक मला. मी तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा ते दोघंही माझ्या भुवयांकडे बघत होते.